प्लास्टिकच्या खुर्चीला सागवानी पाय

४ जानेवारी

माझ्या लेकीने, ठकीने नोकरी सोडली. मला सांगितलं ते भांडी विसळताना, नळ मोठा सोडून, म्हणजे अर्धं ऐकू यावं आणि अर्धं वाहून जावं. मी नळ बंद केला. म्हटलं, "आता सांग."

शाळेत चित्रकला शिकवायची नोकरी. कायम. वर उन्हाळ्याची भरपगारी सुट्टी. ती सोडून बाईसाहेब नव्या कलादालनात प्रदर्शन मांडणार. खूप जणांनी अर्ज केले होते म्हणे, त्यातून हिला निवडलं आणि समोरचं मोठं दालन हिला एकटीला दिलं. मी विचारलं, "चित्रांचं?"

"नाही गं. शिल्प. आपल्या गोडाऊनमधल्या मोडक्या खुर्च्यांचं."

मी हसले. मग बघितलं तर ती हसत नव्हती.

खुर्च्या भाड्याने देऊन देऊन हिला कॉलेजात घातली. का, तर हिला खुर्च्या उचलाव्या लागू नयेत. आणि ही शिकून सवरून परत खुर्च्यांपाशीच आली.

बँकेने दिलेली ही डायरी कोरीच पडली होती. म्हटलं, लिहावं. मन मोकळं करायला घरात आम्ही दोघीच, आणि त्यातली एक तीच.

६ जानेवारी

रागाच्या भरात परवा धंद्याचं काहीच लिहिलं नाही. लिहायला हवं, कारण तो मी वाढवलाय.

हे सुतार होते. लग्नानंतर आम्ही थोड्या लाकडी खुर्च्या केल्या आणि हातगाडीवरून समारंभांना द्यायला लागलो. हे गेले तेव्हा लोक म्हणाले, बाईमाणूस, आता विकून टाकेल. मी उलट टेम्पो घेतला. आज या भागात एकही हॉल असा नाही जिथे माझी खुर्ची गेलेली नाही.

आमच्याकडे तीन जाती. मागच्या रांगांना प्लास्टिकच्या. पुढच्या रांगांना गादीच्या. आणि स्टेजवर सिंहासन. ते एकच. ह्यांनी सागवानात केलेलं, चारी पाय कोरलेले, लाल मखमल. माणूस दारातून आत शिरला की तो कुठे बसणार हे मी चालीवरून सांगते. मागे बसणारा आधी भिंत शोधतो. पुढे बसणारा माणसं शोधतो. स्टेजवरचा काहीच शोधत नाही, त्याला लोक शोधत येतात.

सिंहासनावर एक मंत्री बसलेत, दोन न्यायाधीश, आणि एक गायिका, जिने उठताना त्याच्या हातावर थोपटलं होतं. गेली दोन वर्षं त्याला मागणी कमी आहे. लोकांची आवड बिघडली आहे. पांढरे सोफे घेतात, दवाखान्यात ठेवल्यासारखे.

१७ जानेवारी

गोडाऊनच्या मागच्या पत्र्याखाली ठकीने कारखानाच उघडलाय. पैलवान मोडक्या खुर्च्या काढून देतात. पैलवान म्हणजे आमचे सगळ्यात जुने हमाल. अंगाने काडी, पण दोन्ही हातांत खुर्च्यांच्या थप्प्या घेऊन असे जिना चढतात की म्हणून ते नाव पडलं. हे होते तेव्हापासून आमच्याकडे आहेत.

आज मी डोकावले. एका तीन पायांच्या प्लास्टिकच्या खुर्चीला ही चौथा पाय बसवत होती. सागवानी! ह्यांच्या पटाश्या काढल्यात, आणि त्या पायावर वेल कोरत होती. पानाची शीरन् शीर.

मी म्हटलं, "अगं, या एका पायाच्या लाकडाच्या पैशात अशा नव्या वीस खुर्च्या येतील."

"हो ना!" म्हणाली, आणि तिचा चेहरा असा खुलला की जणू मी तिची पाठच थोपटली.

मी तिला झापायला गेले होते. मग नुसतीच उभी राहून बघत बसले. पटाशी तिने ह्यांच्यासारखीच धरली आहे, अंगठा पुढे. ह्यांनी शिकवली कधी, कुणास ठाऊक. मी तर घरात हत्याराला हात लावू दिला नव्हता.

२९ जानेवारी

आज मोठा फोन आला. एका कंपनीचा समारंभ, स्टेजसाठी भारदस्त खुर्ची हवी. मी ठकीला ऐकू जाईल अशा आवाजात बोलले. दोन दिवसांनी न्यायची. मखमलीला ब्रश मारला, पाय तेलाने पुसले.

१ फेब्रुवारी

सिंहासन परत आणलं. हॉलचा दरवाजा अरुंद होता.

२ फेब्रुवारी

काल लिहिलं ते खोटं आहे. स्वतःच्याच डायरीत खोटं लिहून कुणाला फसवायचं?

दरवाजा चांगला रुंद होता. सिंहासन स्टेजवर चढलंही. मग तो सजावट करणारा मुलगा आला, गळ्यात कंपनीचं कार्ड, हातात वॉकीटॉकी. म्हणाला, "आंटी, हे जरा नाटकातलं वाटतंय. आम्ही सोफा मागवलाय. तुमचं भाडं मिळेल, काळजी करू नका." भाडं दिलं त्याने, नाही म्हणत नाही. पण कार्यक्रमभर सिंहासन जिन्याखाली उभं होतं, आणि त्यावर लोक आपल्या बॅगा ठेवत होते.

घरी सिंहासन उतरवताना पैलवान म्हणाले, "वहिनी, आज फार जड लागतंय हो."

५ फेब्रुवारी

ठकीला सांगितलं, सिंहासन घे तुझ्या त्या कामाला. तसाही मागचा एक पाय हलतोय.

तिने पाय हलवून बघितला. तो हलला नाही. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "हो, हलतोय खरा."

मग म्हणाली, "पण आई, मी तो कापणार. तो पाय प्लास्टिकच्या खुर्चीला लावणार, आणि सिंहासनाला प्लास्टिकचा. चालेल का? नीट विचार करून सांग."

मी म्हटलं, त्यात विचार कसला करायचा, दिलं म्हणजे दिलं.

६ फेब्रुवारी

बहिणीकडे आले आहे. तिच्या गुडघ्याचं दुखणं बरेच दिवस विचारायचं राहिलं होतं. ती म्हणते गुडघा केव्हाच बरा झाला. तरी दोन दिवस राहते. माझ्या कानावर करवतीचा आवाज पडला नाही म्हणून काही बिघडत नाही.

९ फेब्रुवारी

परत आले. चहा घेतला, पिशवी रिकामी केली, झाडांना पाणी घातलं. पुढे करण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा पत्र्याखाली गेले.

सिंहासन उभं होतं. एक मागचा पाय नव्हता, आणि त्या जागी मोडक्या खुर्च्यांच्या पाठींचे तुकडे कापून, एकावर एक रचून, आरपार बोल्ट घालून केलेला पाय होता. लाल, निळा, मळका पांढरा, हिरवा. आमच्या सगळ्या वर्षांचे रंग. निळ्या खुर्च्या मी टेम्पोबरोबर घेतल्या होत्या. हिरव्या ठकीच्या दहावीच्या वर्षी.

आणि शेजारी एक साधी खुर्ची, मागच्या रांगेतली, पाठीला चीर गेलेली. तिला ह्यांच्या हातचा पाय. ती चीरही ठकीने तशी सोडली नाही. पितळेच्या बारीक तारेने शिवली आहे, टाके असे एकसारखे की माझ्या शिलाई मशीनलाही जमणार नाहीत.

वाईट वाटलं का, तर वाटलं. लपवत नाही. ह्यांनी तो पाय कोरला तेव्हा पावाचे तुकडे खात, जेवायला न उठता कोरला होता. पण एक गोष्ट खरी. त्या सिंहासनाखाली तो पाय कुणाला दिसत नव्हता. मागचा पाय, वर मखमलीची झालर. मलाच आठवत नव्हतं की त्याच्यावर एक पक्षी आहे. आज दिसला.

ठकी माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हटलं, "बोल्ट घट्ट आहेत ना? कुणाचा पायजमा अडकेल."

तिला वाटलं मी नाराज आहे. असू दे. फार कौतुक केलं की मुलं शेफारतात.

१ मार्च

सगळ्या खुर्च्या तयार झाल्या. एक थप्पीभर. कुणाला सागवानी हात, कुणाला पितळेचे टाके, एकीच्या भोक पडलेल्या बैठकीला चांदीच्या पत्र्याचं ठिगळ. चांदी कुठून आणली विचारलं तर म्हणाली, माझ्या पैंजणांची. मी दोन घोट पाणी प्यायले. मग विचारलं, दोन्ही पायांतले? म्हणाली, एका ठिगळाला दोन्ही लागले.

उद्या माल दालनात जाणार. टेम्पो आमचाच.

५ मार्च

आज उद्घाटन झालं. सविस्तर लिहिते.

मी नवी साडी नेसले होते. पैलवानांना मी बळेच आणलं. ते म्हणत होते, "माझं काय काम तिथे? मी मागे टेम्पोत थांबतो." म्हटलं, "खुर्च्या तुम्ही उचलल्या, बघायलाही तुम्हीच हवेत."

आत गेलो. दालन सुंदर. वरून दिवे सोडलेले. आमच्या खुर्च्या रांगांमध्ये मांडलेल्या, आणि समोर सिंहासन, समारंभात असतात तश्शा. पण सगळ्यांभोवती पितळी खांब, खांबांना जाड दोरी, आणि पाटी: हात लावू नये.

ठकी कोपऱ्यात उभी होती. ओठ दाबलेले. लहानपणी शाळेत कुणी मारलं की अशीच उभी राहायची, रडायची नाही आणि सांगायचीही नाही. मी विचारलं, काय झालं?

"ह्या बसायच्या खुर्च्या आहेत, आई. लोकांनी बसायचं, जागा बदलायच्या, हेच ते शिल्प. मी लिहून दिलं होतं. सकाळी बघते तर दोरी. म्हणतात, मौल्यवान आहे, कुणी बसलं आणि मोडलं तर?"

कलादालनाच्या बाई तिथेच होत्या. चांगल्या आहेत, डोळ्याखाली काळी वर्तुळं, रात्रंदिवस कामात असणार. मी जाऊन म्हटलं, "नमस्कार. ह्या खुर्च्या माझ्या."

त्या म्हणाल्या, "अहो, कलाकृती तुमच्या मुलीची आहे."

"कलाकृती तिची. माल माझा. आणि माझा माल बसण्यासाठी जातो. नुसता बघण्यासाठी मी आजवर कुणाला खुर्ची दिलेली नाही."

"कुणी पडलं तर, काकू? वरच्या लोकांना मी काय उत्तर देऊ?"

"मी आयुष्यभर लोकांना बसवत आलेय. एकही माणूस पडला नाही." (एक पडला होता. पण तो झोपेत पडला. तो धरायचा नाही.)

बाई दोरीकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता हाकलणार. मग त्यांनी हळू आवाजात विचारलं, "खरंच भक्कम आहेत?" मी मागे वळले आणि म्हटलं, "पैलवान, बसून दाखवा."

पैलवान दोरीखालून वाकून आत गेले. सिंहासनाकडे त्यांनी बघितलंही नाही. शेवटच्या रांगेत गेले, ह्यांनी कोरलेल्या पायाची खुर्ची होती तिथे. बसण्याआधी त्यांनी तिची बैठक हाताने झटकली. मग बसले. दोन्ही हात मांडीवर.

"कशी आहे?" मी विचारलं.

"वहिनी," ते म्हणाले, "इतकी वर्षं उचलतोय. बसायला चांगली आहे हो."

बाईंनी स्वतः दोरी सोडवली. हातावर गुंडाळत गुंडाळत सगळी सोडवली आणि पाटी उलटी करून भिंतीला टेकवली. त्यानंतर काय गर्दी! कोट घातलेले लोक प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून खाली वाकून आपलेच पाय बघत होते. सिंहासनावर बसायला रांग लागली, आणि जो बसायचा तो आधी त्या रंगीत पायाकडे घाबरून बघायचा, मग जपून बसायचा. मंत्रीसुद्धा एवढा जपून बसला नव्हता.

ठकीला लोक हात मिळवत होते. मी लांबून बघत होते. माझी मुलगी. काय उंच दिसत होती!

७ मार्च

पेपरात फोटो आला. सिंहासन आणि ठकी. उजव्या बाजूला जो कोपर दिसतोय तो माझा. कोपऱ्यावरच्या पेपरवाल्याकडचे होते तेवढे अंक घेतले. तो म्हणाला, "मावशी, रद्दीचा धंदा सुरू केला का?" मी त्याला एक अंक भेट दिला. त्याचाच.

लेखात लिहिलंय, "वर्ग आणि मूल्य यांच्या उतरंडीला प्रश्न विचारणारं काम." ठकीला अर्थ विचारला. ती म्हणाली, "तू वीस खुर्च्यांचं बोललीस ना, तेच." मग सरळ लिहायचं ना.

१६ मार्च

आज घरी मोठा माणूस आला होता. गावाबाहेरच्या कारखान्याचे मालक. गाडी एवढी लांब की आमच्या गल्लीत वळेना, चालत आले. बोलायला नम्र. चहा पूर्ण प्यायले.

त्यांना सिंहासन हवं. त्यांच्या केबिनमध्ये ठेवायचं. "येणाऱ्या प्रत्येकाशी बोलायला विषय मिळेल," म्हणाले. ठकी म्हणाली, हे एकटं देता येणार नाही, सगळं मिळून एक काम आहे. ते लगेच म्हणाले, मग सगळं द्या. कार्यालयाच्या दर्शनी भागात मोठी काचेची खोली करून आत ठेवू. धूळसुद्धा लागणार नाही. आणि आकडा सांगितला.

मी तो परत विचारला. त्यांनी परत तोच सांगितला. तेवढ्यात नवा टेम्पो येतो आणि वर बरंच उरतं.

ठकी कपाच्या कडेवरून बोट फिरवत होती. काचेची खोली म्हटल्यावर तिचं बोट थांबलं, ते मी बघितलं. म्हणजे बघितलं असं मला वाटलं. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "साहेब, आम्ही खुर्च्या विकत नाही. भाड्याने देतो."

ते हसले. मी हसले नाही. मग त्यांनी कप खाली ठेवला, दोघींना नमस्कार केला, म्हणाले, "विचार बदलला तर कळवा," आणि गेले.

१७ मार्च

ठकी बोलत नाही. नोकरी नाही, शिल्लक सगळी सागवानात आणि पितळात गेली, आणि पोरीला पहिल्यांदा कुणी एवढं मोल दिलं तर मी पाहुण्याला चहा पाजून वाटेला लावला.

मी कोण ठरवणारी? माल माझा, माल माझा करत होते. मेहनत कुणाची होती? ह्यांच्या खुर्चीवर लोकांनी बॅगा ठेवल्या तो राग मी त्या भल्या माणसावर काढला की काय? असंही असेल. मला झोप नाही.

१९ मार्च

आज मीच तिच्याकडे गेले. म्हटलं, "फोन कर त्यांना. मी चुकले. तुझं आहे, तू वीक."

ती गोडाऊनच्या पाटीला रंग लावत होती. वळलीच नाही. म्हणाली, "दोन दिवस तोच हिशेब घालतेय मी. विकायचं असतं तर मी तेव्हाच तोंड उघडलं असतं ना! मला 'नाही' म्हणायचं होतं आणि जमत नव्हतं. राग आला तो ह्याचा, की तुला इतकं पटकन कसं जमतं?"

"मग दोन दिवस अबोला कशाला?"

"तू कुठे बोललीस?"

खरं होतं. आम्ही दोघी ह्यांच्यावर गेलोय. म्हणजे ती गेली आहे, आणि मी त्यांच्याबरोबर राहून तशी झाले आहे.

पाटीवर आमच्या नावाखाली तिने नवी ओळ घातली आहे: शिल्प भाड्याने मिळेल. बसण्यासाठी. मी विचारलं, भाडं काय लावायचं? सिंहासनाच्या दुप्पट तरी हवं. म्हणाली, "साध्या खुर्चीचं आहे तेच."

"सागवानी पाय, पितळ, तुझे पैंजण, आणि भाडं प्लास्टिकचं?"

"हो."

ह्या मुलीला कलेतलं कळतं. धंद्यातलं शून्य. पण शब्द तिचा राहिला. पाटी मात्र मी थोडी उजवीकडे लावली, रस्त्यावरून दिसावी म्हणून.

१० एप्रिल

प्रदर्शन संपलं, माल परत आला. कलादालनाच्या बाई स्वतः टेम्पोपर्यंत आल्या. अजून शिल्पाला गिऱ्हाईक नाही. लोक पाटी वाचतात, हसतात, साध्या खुर्च्या नेतात. मी ठकीला म्हटलं, नव्या मालाला वेळ लागतो. ती शाळेतल्या मुलांच्या शिकवण्या घेते आहे संध्याकाळी. कुरकुर करत नाही.

२२ एप्रिल

गिऱ्हाईक आलं!

रस्ते झाडणाऱ्या बायकांच्या एक मुकादम आहेत, धिप्पाड, आवाज असा की रस्त्याच्या पलीकडचं कुत्रं उठून बसतं. त्यांच्यातल्या सगळ्यात जुन्या बाई निवृत्त होतायत. त्यांचा निरोप समारंभ, मे महिन्याच्या दुसऱ्या तारखेला. साध्या खुर्च्या घ्यायला आल्या होत्या. ठकीने त्यांना शिल्प दाखवलं.

मुकादमबाईंनी सगळ्या खुर्च्यांभोवती एक फेरी मारली. "ह्याला जास्त किती?"

"जास्त काही नाही. भाडं तेच."

"मग ह्या आम्हाला का नको?" असं म्हणून त्यांनी आगाऊ रक्कम काढून टेबलावर ठेवली. कुणी परत घेऊन जाईल अशी भीती असल्यासारखा वर हात दाबून धरला.

२५ एप्रिल

आज जे घडलं ते मी मरेपर्यंत सांगत राहणार आहे.

कारखानदारांचा फोन. स्वतःचा, सेक्रेटरीचा नाही. परदेशी पाहुणे येतायत, मोठी मेजवानी आहे. "विकत देत नाही म्हणालात ना, मग भाड्याने द्या. तुम्ही म्हणाल ते भाडं."

मी विचारलं, "तारीख?"

"दोन मे."

ठकी समोर बसून शिकवणीच्या वह्या तपासत होती. मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत होती. ह्या वेळी मी थांबले. फोनवर हात ठेवून तिला विचारलं, "दोन मे म्हणतायत. काय सांगू?"

तिने माझ्या हातातून फोन घेतला. म्हणाली, "साहेब, दोन तारखेला बुकिंग आहे." पलीकडून काहीतरी लांबलचक बोलणं झालं. ती म्हणाली, "नाही हो, तारीख दिली म्हणजे दिली. तीन तारखेनंतर कधीही सांगा. भाडं साध्या खुर्चीचंच आहे. पण लोकांना बसू द्यावं लागेल. तुमच्या कामगारांनासुद्धा."

तिने फोन ठेवला. मी विचारलं, "जमलं?"

"जमलं," म्हणाली.

मी आत जाऊन उगाच डब्यांची झाकणं लावली. घट्टच होती.

२ मे

समारंभ एका शाळेच्या पटांगणात झाला. निवृत्त होणाऱ्या बाई बारीकशा, पांढरे केस, पायांत नव्या चपला घालून आल्या आणि आल्या आल्या शेवटच्या रांगेत भिंतीजवळ जाऊन बसल्या. मुकादमबाई ओरडल्या, "अगं मावशे, तुझाच कार्यक्रम आहे! पुढे ये!" त्यांना सिंहासनावर बसवलं. त्यांनी रंगीत पायाकडे बघून विचारलं, "हा कुणी केला?" ठकीने हात वर केला, वर्गातल्या मुलीसारखा. त्या म्हणाल्या, "छान जोडलंस गं. फेकलं नाहीस," आणि टेकून बसल्या. जपून वगैरे नाही. चांगल्या पाठ टेकून.

मग भाषणं. एक एक बाई पुढे येऊन बोलायची आणि परत जाताना दुसऱ्याच खुर्चीवर बसायची, कारण तोवर तिची खुर्ची कुणीतरी घेतलेली असायची. हसणं, ढकलाढकली, चहा. कुणाला कुठे बसायचं हे मी दारातून सांगू शकले नाही. एकदाही नाही. पहिल्यांदाच माझा अंदाज सपशेल चुकला आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

३ मे

माल परत आला. सगळ्या खुर्च्या धड, एक टाका निसटला नाही. मी स्वतः तपासल्या.

चांदीच्या ठिगळाच्या खुर्चीवर चहाचा डाग होता. मोठा, गोल, कप ठेवल्यासारखा. मी फडकं ओलं केलं तर ठकी धावत आली. "आई, राहू दे! तो राहू दे. तो पुसायचा नाही. आता हा डागसुद्धा त्या कामाचाच भाग आहे. कलादालनात दाखवायचं कुणी विचारलं तर तो दिसायला हवा."

मी तिचं सगळं ऐकून घेतलं. हल्ली मला तिचं बोलणं बरंच कळतं.

मग डाग पुसला. चांगला चोळून, चांदी चकचकीत होईपर्यंत. ती ओरडत होती, पैलवान हसत होते. मी तिला सांगितलं, "उद्या ही खुर्ची ज्याच्याकडे जाईल, त्याने दुसऱ्याच्या उष्ट्या डागावर का बसायचं? तोही भाडं देतोय."

ठकी मग दुसरं फडकं घेऊन माझ्या शेजारी बसली आणि पुढची खुर्ची ओढून पुसायला लागली.